मोठा मायनस नंबर आणि काचबिंदू: ओसीटी लाल आला म्हणजे काय समजायचं?

खाडीकाठ

मायनस सात, आठ, दहाचा चष्मा असलेल्यांच्या हातात ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनचा, कागद पडतो, त्यावर लाल पट्टे असतात आणि तिथून घोळ सुरू होतो. एक डॉक्टर म्हणतात काचबिंदू (डोळ्याची नस हळूहळू मरते तो आजार) आहे, थेंब सुरू करा. घाट चढून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलं की ते म्हणतात, नंबरामुळे असं दिसतं, थेंब बंद करा. पेशंटला वाटतं, दोघांतल्या एकाला काही कळत नाही. खरं तर त्या एका कागदावरून दोघांनाही खात्रीने सांगता येत नसतं. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहावं. अनुभव नकोत, तपशील हवेत.

आधी संबंध काय तो. साधारण डोळा पुढून मागे २३.५ ते २४ मिमी लांब असतो. मायनस ६ च्या पुढे तो बहुतेक वेळा २६ मिमी किंवा जास्त भरतो. लांबी १ मिमी वाढली की नंबर अडीच-तीनने वाढतो. ही वाढ मुख्यतः मागच्या भागात होते. तिथेच डोळ्याची नस बाहेर पडते आणि तिचे दहा-बारा लाख तंतू एका जाळीदार पडद्यातून जातात. या पडद्याच्या आतल्या बाजूला डोळ्याचं प्रेशर, बाहेरच्या बाजूला मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर. पागाचं जाळं चारी बाजूंनी खेचावं तसा लांब डोळ्यात हा पडदा ताणून पातळ होतो. दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक तेवढाच राहिला तरी तो आता कमी जाडीवर पडतो. म्हणून १० ते २१ (मिमी पारा) या 'नॉर्मल' पट्ट्यातलं १५-१६ प्रेशरसुद्धा अशा डोळ्याला जड जाऊ शकतं. 'प्रेशर नॉर्मल आहे, म्हणजे काचबिंदू नाही' हे वाक्य मोठ्या नंबरवाल्यांनी विसरायचं.

आकडे: ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स पाहणीत (१९९९) मायनस ३ आणि पुढच्यांत काचबिंदूची शक्यता नंबर नसलेल्यांच्या सुमारे ३.३ पट निघाली, मायनस १ ते ३ मध्ये २.३ पट. अनेक पाहण्या एकत्र करून २०११ साली केलेल्या विश्लेषणात मोठ्या नंबराला सुमारे अडीच पट आली. म्हणजे धोका खरा आहे. पण मोठा नंबर असलेल्या बहुतेकांना काचबिंदू कधीच होत नाही, हेही तितकंच खरं.

एक फाटा इथेच तोडतो. साठीनंतर अचानक मायनस वाढला आणि जवळचं बिनचष्म्याचं वाचता यायला लागलं, तर ते बहुधा मोतीबिंदूमुळे. तिथे डोळा लांब झालेला नसतो. या धाग्यातला धोका त्या नंबराला लावू नका.

दर्यावर्दी

चांगला धागा. जोड देतो: एका रात्रीत किंवा दोन-चार दिवसांत दोन्ही डोळ्यांना मायनस आला, सोबत डोकं दुखतंय, डोळे लाल, तर आधी गोळ्यांची पाकिटं बघा. अर्धशिशी किंवा फिट्ससाठी दिलं जाणारं टोपिरामेट काही जणांत असं करतं. औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात हे जास्त दिसतं. बुबुळामागचा भाग सुजून पुढे सरकतो, डोळ्यातलं पाणी बाहेर पडतं तो कोन बंद होतो, प्रेशर चढतं. नवीन चष्मा करायला जायचं नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि ज्यांनी गोळी लिहिली त्यांनाही कळवायचं.

आता नस तपासताना घोळ कुठे होतो ते. साध्या डोळ्यात नसेचं तोंड गोल आणि मधला खळगा स्पष्ट असतो. लांब डोळ्यात तेच तोंड तिरकं, लांबट, कानाच्या बाजूला कललेलं. खळगा उथळ, त्यामुळे त्याची कड कुठे संपते ते ठरवणं अवघड. शेजारी पांढुरकी चंद्रकोर, जिथे खालचा थर विरळ झालेला असतो. काही डोळ्यांत नसेचं तोंडच मोठं असतं, मग खळगाही मोठा दिसतो आणि ०.७ (खळगा तोंडाच्या किती भाग आहे तो आकडा) ऐकून घरात रडारड होते. मोठ्या तोंडाला ०.७ निरोगी असू शकतो, लहान तोंडाला ०.५ सुद्धा संशयास्पद. कडेची जाडी खाली सर्वांत जास्त, मग वर, मग नाकाकडे, मग कानाकडे हा नेहमीचा नियम कललेल्या नसेला लागू पडत नाही.

दोन गोष्टी मात्र मोठ्या नंबरातही खऱ्या धरायच्या: नसेच्या कडेवर बारीक रेघेसारखा रक्तस्राव, आणि वर किंवा खाली एकाच बाजूला कडेला पडलेली खाच. रक्तस्राव काही आठवड्यांत विरून जातो. म्हणून दर वर्षी नसेचा रंगीत फोटो काढून ठेवायचा. फोटो स्वस्त आहे, आणि दहा वर्षांनी ओसीटीचं यंत्र बदललं तरी फोटो उपयोगी पडतो.

लिंबोणी

ओसीटीबद्दल लिहिते, सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

लाल-पिवळा-हिरवा हे रंग यंत्रात भरलेल्या निरोगी लोकांच्या मापांशी तुलना करून येतात. त्या लोकांत मोठ्या मायनसचे डोळे फार थोडे असतात, काही यंत्रांत जवळजवळ नसतातच. म्हणजे मायनस ९ च्या डोळ्याची तुलना यंत्र मायनस १ च्या डोळ्याशी करतं आणि लाल ठोकतं. काचबिंदू नसताना आलेला हा लाल रंग.

हे का होतं, त्याची कारणं तीन. पहिलं, यंत्र नसेभोवती साधारण ३.४६ मिमी व्यासाचं वर्तुळ मोजतं, पण लांब डोळ्यात तेच वर्तुळ प्रत्यक्षात मोठं पडतं. नसेपासून जितकं दूर मोजाल तितका तंतूंचा थर पातळ, म्हणून आकडा कमी. दुसरं, तंतूंचे वरचे-खालचे दोन जाड पट्टे लांब डोळ्यात कानाच्या बाजूला सरकलेले असतात. आलेखात दोन डोंगर दिसतात ते एकमेकांजवळ आलेले दिसतील. डोंगरांची उंची ठीक आहे पण जागा सरकलीय, तर यंत्र जुन्या जागी मोजून 'इथे थर नाही' म्हणतं. तिसरं, वर्तुळ चंद्रकोरीवरून गेलं की थराची कड यंत्राला सापडतच नाही, रेघ भलतीकडे उडी मारते. रंग बघायच्या आधी आडवा छेद बघा, यंत्राने काढलेल्या रेघा खरोखर थरावर बसल्यात का. सिग्नल १० पैकी ६ च्या खाली असेल तर तो कागद निर्णयाला घेऊ नये. कोरडे डोळे असतील तर थेंब घालून, डोळे मिटून-उघडून परत काढायला सांगा.

उलटही होतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. सरासरी हिरवी आणि एका बारीक फाकेत तंतू गेलेले. सरासरीत ते झाकलं जातं.

अशा डोळ्यात नसेपेक्षा मॅक्युलाचा, म्हणजे नजरेच्या मध्याचा, पेशींच्या थराचा ओसीटी जास्त कामाचा. तिथे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा यांची तुलना करायची. मधल्या आडव्या रेषेवर चाकूने कापल्यासारखा फरक दिसला तर काचबिंदूकडे बोट. नुसत्या नंबराने सगळीकडे सारखं पातळ होतं, एका बाजूला धारदार कड पडत नाही.

ठिपके_मोजणी

लिंबोणीताई, +१. आता फील्डबद्दल.

फील्ड टेस्ट म्हणजे वाडग्यात लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायची तपासणी. मोठ्या मायनसमध्ये ती चुकण्याचं पहिलं कारण भिंग. वाडगा डोळ्यापासून ३० सेंमीवर. म्हणून चाळिशी उलटून गेलेल्याला दूरच्या नंबरात सुमारे +३.२५ मिळवून भिंग लावतात. मायनस ८ वाल्याला मायनस ४.७५ लागेल. मायनस ३.२५ वाल्याला काहीच लागत नाही. तरुणांना ही मिळवणी कमी किंवा शून्य. भिंग एका डायॉप्टरने, म्हणजे नंबरात एकने, चुकलं की सगळीकडची संवेदना साधारण एक डेसिबलने (इथे हे उजेड दिसण्याचं माप) खाली येते. जुन्या चष्म्यावरून आकडा भरला, तर आख्खा रिपोर्ट करडा होतो.

दुसरं कारण त्या भिंगाची कड. जाड भिंगाचं चौकट-कडं डोळ्यापासून लांब राहिलं की कडेला गोल काळी पट्टी येते, आणि ती थेट काचबिंदूसारखी दिसते. मायनस ६ च्या पुढे शक्य असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स घालून फील्ड करावं. चष्म्याचा मायनस १० हा डोळ्यापासून १२ मिमीवर मोजलेला, लेन्समध्ये तो मायनस ९ च्या आसपास होतो. चष्म्याचाच आकडा लेन्सला लावू नये.

तिसरं, डोळ्याचा मागचा भाग एका ठिकाणी जास्त फुगलेला असेल तर त्या भागाचा नंबर वेगळाच असतो. तिथले ठिपके अंधूक होऊन खोटा डाग पडतो, बहुधा वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात. अजून एक-दोन मायनस वाढवून टेस्ट परत केली आणि डाग फिका झाला, तर तो नंबराचा. नाही झाला तर नसेचा किंवा रेटिनाचा. हे करून बघायला पंधरा मिनिटं लागतात, पण गर्दीच्या ओपीडीत फारसं कोणी करत नाही.

मोठ्या नंबराच्या काचबिंदूत नुकसान नजरेच्या मध्याजवळ लवकर येतं. नेहमीची २४-२ टेस्ट तिथे ठिपके सहा-सहा अंशांवर टाकते, मधलं निसटतं. म्हणून एकदा १०-२ करून घ्यावी, तिच्यात ठिपके दोन अंशांवर असतात.

आणि पहिलं फील्ड जवळजवळ नेहमी वाईट येतं, कारण माणूस शिकत असतो. पहिल्या एकावर कोणाला आयुष्यभराचं औषध लावू नये. काचबिंदूचं निदान झालेल्यांना पहिल्या २ वर्षांत ६ वेळा फील्ड करायला सुचवलं जातं, ते बदलाचा वेग कळावा म्हणून. आपल्याकडे सहा होत नाहीत, पण तीन तरी करा.

गावकार

बरा केलास धागो काढलास. माका एकच इचारूचा होता. लेसिक करून चष्मो गेलो की हो धोको पण जाता काय?

खाडीकाठ

नाही जात, गावकार. लेसिकमध्ये पुढची पारदर्शक काच, कॉर्निया, घासून पातळ करतात. डोळा २७ मिमी होता तो २७ मिमीच राहतो, मागची नस तशीच ताणलेली. वर एक नवीन अडचण. कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास धरून प्रेशरची यंत्रं बनवलेली आहेत. लेसिकनंतर ती ४५० झाली की यंत्र प्रेशर कमी दाखवतं. खरं १९-२० असताना १४ दिसू शकतं. ठरावीक बेरीज करून ते दुरुस्त करायचे तक्ते मिळतात, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. लेसिकच्या आधीचा नंबर, आधीचं प्रेशर आणि कॉर्नियाची जाडी हे तीन आकडे लिहून ठेवायला हवेत. ते सेंटरकडून मागून घ्या, दहा वर्षांनी तिथे फाईल मिळेलच असं नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचंही तेच. शिबिरात भिंग बसलं, नंबर शून्य झाला, आणि पुढच्या तपासणीत 'चष्मा?' विचारलं की आजी सांगतात, नाही. तिथे 'आधी मायनस १२ होता' हे सोबतच्या माणसाने सांगायचं. भिंगाचं माप काढताना डोळ्याची लांबी मोजतातच, ती चिठ्ठी फाईलला लावून ठेवा. फुकट मिळालेली सगळ्यात मोलाची माहिती.

मेडिकलवाला

औषध दुकानाच्या बाजूने लिहितो. या विषयात काऊंटरवरून सर्वांत जास्त नुकसान करतात ते स्टेरॉइड थेंब. डोळे लाल झाले, खाजले, साथ आली की 'मागच्या वेळचेच थेंब द्या' म्हणून चिठ्ठीशिवाय नेले जातात. अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेल्या बाटल्या, काही ब्रँडच्या नावामागचा 'डी' तोच. स्टेरॉइडने प्रेशर चढण्याची प्रवृत्ती मोठ्या मायनसवाल्यांत, काचबिंदू असलेल्यांत आणि त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांत जास्त असते. रोजच्या वापरात दोन ते सहा आठवड्यांत चढतं. दुखत नाही, उलट लाली गेल्याने बरं वाटतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन जास्त चढवतात. फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल कमी. कमी म्हणजे शून्य नाही.

पावसाळ्यात नायटा-गजकर्ण घरोघरी. त्यावरची तीन-चार औषधं मिसळलेली मलमं घेतात, त्यांत क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड असतं. पापणीला किंवा डोळ्याजवळ महिनोन्‌महिने लावलं तर तेही आत पोचतं. ट्यूबच्या मागचा बारीक मजकूर वाचा.

उन्हाळ्यात सतत डोळे चोळणारी मुलं हा वेगळा प्रकार. ॲलर्जी, त्यावर वर्षानुवर्षे स्टेरॉइड, आणि चोळल्याने कॉर्निया पातळ होऊन टोकदार होण्याचा धोका. नंबर वाढतो, सिलिंडर वाढतं, पातळ कॉर्नियामुळे प्रेशर कमी मोजलं जातं. दोन-तीन चुका एकाच पोरात.

सुरंगी

काचबिंदूच्या थेंबांच्या साठवणीबद्दल मेडिकलवाले भाऊ सांगतील का? इथे पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते. निसर्ग वादळानंतर (जून २०२०) तर मंडणगड-दापोलीकडे किती दिवस फ्रीज बंद होते.

मेडिकलवाला

विचारलंत ते बरं. सगळ्यात जास्त लिहिलं जातं ते लॅटानोप्रोस्ट, रात्री एक थेंब. त्याची न उघडलेली बाटली साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवायची. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, आणि चार ते सहा आठवड्यांत, लेबलवर असेल तसं, संपवायची किंवा टाकायची. आपल्याकडे मे महिन्यात घरात २५ कधी असतं? तेव्हा उघडलेलीही फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात नाही. लाईट वारंवार जाणाऱ्या गावात डॉक्टरांना विचारून बाहेर टिकणारा प्रकार लिहून घ्या. असे प्रकार मिळतात, लेबलवर तापमान छापलेलं असतं. तीन महिन्यांचा साठा करू नका. मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर मागवायच्या तर थर्मासमध्ये, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा.

२.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब. दोन डोळे, रोज एक म्हणजे महिन्याला ६०. बाटली वीस दिवसांत संपत असेल तर थेंब गालावर जातायत. अडीच महिने पुरत असेल तर रात्री चुकतायत. दोन्ही गोष्टी दुकानात बिलाच्या तारखांवरून कळतात.

घालायची पद्धत: हात धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब. डोळा हलके मिटा, उघडझाप नको, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. लेन्स पंधरा मिनिटांनी. कोपरा दाबणं टिमोलॉलला (काचबिंदूचेच दुसरे थेंब) फार महत्त्वाचं, कारण ते नाकातून रक्तात जातं. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉल घेण्याआधी डॉक्टरांना सांगाच, 'डोळ्यातच तर घालायचं' म्हणून गप्प बसू नका.

आडवाटेचा

जरा उलट बाजू मांडतो. वरचं सगळं वाचून लोक घाबरून थेंब सुरू करतील. तिशीतला, मायनस ८, तिरकी नस, फील्डमध्ये छोटा डाग, प्रेशर १४: अशांतल्या कित्येकांत तो डाग वर्षानुवर्षे तसाच राहतो. वाढीच्या वयात डोळा ताणला गेला तेव्हा झालेलं ते नुकसान, आता थांबलेलं. त्यांना चाळीस वर्षं थेंब घालायला लावणं म्हणजे लाल डोळे, काळवंडलेल्या पापण्या आणि महिन्याचा खर्च.

दर्यावर्दी

मान्य, पण अर्धंच. थांबलेलं आहे हे आज बघून कळत नाही. मागे दोन-तीन वर्षांचा माग असेल तरच कळतं. डाग मध्याच्या अगदी जवळ असेल, नसेवर रक्तस्राव दिसला असेल, भावाला किंवा आईला काचबिंदू असेल, किंवा प्रेशर वीसच्या वर असेल, तर वाट बघू नये. यातलं काही नसेल तर दर सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर तपासत राहणं रास्त. मध्ये 'त्याच' यंत्रावर हे शब्द आहेत ते वाचा. एका कंपनीच्या ओसीटीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी जोडता येत नाही. तंतूंच्या थराचा आकडा ८२ वरून ७४ झाला म्हणून हबकायचं, आणि बघितलं तर पहिला कोल्हापूरचा, दुसरा गोव्यातल्या बांबोळीचा.

आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाचे कागद गोवा, कोल्हापूर, मुंबई तिन्हीकडे विखुरलेले असतात. एक जागा ठरवा. सल्ला दुसरीकडे घ्या, मोजणी एकीकडेच.

लिंबोणी

कागदांवरून. नंबर काढायच्या यंत्रातून येणारी चकचकीत चिठ्ठी उष्णतेने छापलेली असते, एका पावसाळ्यात कोरी होते. तिचा लगेच फोटो काढा. फाईलमध्ये सुरुवातीला एकदा असाव्यात अशा गोष्टी: डोळ्याची लांबी मिमीमध्ये, कॉर्नियाची जाडी, औषध घालून बाहुली मोठी करून केलेली रेटिनाची तपासणी, नसेचा फोटो, ओसीटी दोन्ही प्रकारचे, फील्ड निदान दोन, आणि कोन बघणारी गोनिओस्कोपी. मायनसवाल्यांचा कोन बहुतेक उघडा असतो म्हणून ती टाळली जाते, पण मोतीबिंदू फुगला की लांब डोळ्यातही कोन अरुंद होऊ शकतो.

रेटिनाचं वेगळं लक्षात ठेवा. अचानक काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं, कडेने पडदा येणं हे रेटिना सुटण्याचं लक्षण. ते काचबिंदूच्या तारखेची वाट बघत बसत नाही. आणि याच कारणाने काचबिंदूवरचं जुनं औषध पायलोकार्पिन मोठ्या मायनसला शक्यतो देत नाहीत, त्याच्या ओढीने रेटिना फाटू शकते.

ठिपके_मोजणी

ऑपरेशनवर कोणी लिहिलं नाही. थेंबांआधी किंवा थेंबांसोबत एसएलटी लेझर, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या जाळीवर मारायचं लेझर, करता येतं. २०१९ साली आलेल्या इंग्लंडमधल्या लाइट चाचणीत पहिला उपाय म्हणूनही ते थेंबांच्या तोडीचं ठरलं. लेझर ओपीडीत होतं, पण परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, मग परत करता येतं. दमा असलेल्यांना, आणि फ्रीज नसलेल्यांनाही, हा विचारायजोगा पर्याय.

पाण्याला नवी वाट करून देणाऱ्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे ट्रॅबमध्ये, लांब डोळ्याचा धोका वेगळा. पांढरा थर पातळ, त्यामुळे प्रेशर गरजेपेक्षा खाली, ५-६ च्याही खाली जाऊन मॅक्युलाला सुरकुत्या पडू शकतात. सरळ रेषा वाकड्या दिसायला लागतात. तरुण पुरुषांत हे जास्त. आतून रक्तस्राव होण्याचाही धोका लांबीबरोबर वाढतो. म्हणून सर्जन टाके जरा घट्ट ठेवून नंतर लेझरने एकेक सोडवतात, आणि त्यासाठी पहिले चार-सहा आठवडे वारंवार जावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून घाट बंद झाला की ती तारीख हुकते. तातडी नसेल तर दिवाळीनंतर ठरवा. तातडी असेल तर शहरात नातेवाइकाकडे महिनाभर राहायची सोय आधी बघा. ट्रॅबनंतर कितीही वर्षांनी डोळा लाल, चिकट, दुखरा झाला तर काऊंटरवरचे थेंब नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर.

सुरंगी

गणपतीला सगळे चाकरमानी घरात असतात तेव्हा 'आपल्यात कोणाला काचबिंदू आहे' हे एकदा विचारून घ्या. सख्ख्या भावंडांना धोका कित्येक पट असतो आणि मुंबईत थेंब घालणारा थोरला भाऊ ते सांगतच नाही. मोठ्या मायनसच्या भावंडांनी तर चाळिशीची वाट बघू नये.

लहान मुलांचं: रोज दोन तास उजेडात बाहेर, आणि नंबर भराभर वाढत असेल तर कमी ताकदीचं ॲट्रोपिन डॉक्टरांकडून. वाढलेली लांबी परत कमी होत नाही, म्हणून जे काय ते शाळेच्या वयात.

गावकार

समजला. आणि एक. तारकर्लीक पाण्याखाली जाऊचा आसा आणि योगवर्गात शीर्षासन करतंव. चलात?

दर्यावर्दी

शीर्षासन नको. उलटं उभं राहिल्यावर प्रेशर जवळपास दुप्पट होतं आणि सरळ झाल्यावरच उतरतं. सर्वांगासन, उलटं लटकणं तेही त्याच यादीत. जिममध्ये श्वास कोंडून जड वजन उचलणं टाळा, श्वास सोडत उचला. एकदम लिटरभर पाणी घटाघटा पिऊ नका, दिवसभरात तेवढंच प्यायला हरकत नाही.

पोहायचे छोटे गॉगल्स खोबणीत रुतून बसतात, त्यांनी प्रेशर वाढतं. कडा गालावर आणि कपाळावर टेकणारा मोठा मास्क त्यामानाने बरा. ट्रॅब झालेलं असेल तर समुद्रात उतरण्याआधी सर्जनला विचारा, तिथे जंतुसंसर्गाचा प्रश्न प्रेशरपेक्षा मोठा. मोठ्या नंबरासाठी मास्कलाच नंबरची काच बसवून मिळते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून खाऱ्या पाण्यात जाऊ नका.